कर्मिट आणि मिस पिगी यांच्या लग्नाचा वाद

कर्मिट हा बेडूक आणि मिस पिगी ही डुकरीण या अमेरिकी बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या ‘मपेट’ संचातल्या दोन बाहुल्यांचे लग्न झाले आहे की नाही, यावर चाहत्यांमध्ये १९८४ पासून चालत आलेला वाद. मपेट चित्रपटांपैकी कोणते खरे आणि कोणते निव्वळ नाटक, हा त्याच्याशी जोडलेला दुसरा वाद. दोन्ही वाद वेगळे काढता येत नाहीत. कारण लग्न लागते ते एका चित्रपटात, त्यातल्या नाटकात, त्या नाटकातल्या शेवटच्या प्रवेशात.

कर्मिट आधीचा. जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावरील छोट्या कार्यक्रमासाठी आईच्या जुन्या हिरवट कोटाचे कापड आणि टेबलटेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे भाग वापरून तो बनवला आणि पुढे स्वतःच चालवला. तेव्हा तो बेडूक नव्हता, नुसताच एक प्राणी होता. बेडूकपण आणि गळ्याभोवतीची टोकदार झालर नंतर आली. पिगी १९७४ मध्ये बॉनी एरिक्सन यांनी घडवली. गायिका पेगी ली यांच्या नावावरून तिला आधी ‘मिस पिगी ली’ म्हणत. ‘द मपेट शो’ (१९७६–८१, १२० भाग, इंग्लंडमधील एल्स्ट्री स्टुडिओ) सुरू झाला तेव्हा ती समूहगीतातली एक डुकरीण होती आणि तिला कधी रिचर्ड हंट, कधी फ्रँक ऑझ चालवत. ती ऑझ यांच्याकडे कायमची आली, ती एका तालमीनंतर. संहितेत तिने थोबाडीत मारायची होती; ऑझ यांनी तिथे कराटेचा तडाखा लगावला. गोडगोड बोलता बोलता अचानक उसळणारा राग हा तिचा स्वभाव तिथून ठरला. ऑझ यांनी तिच्यासाठी पूर्वायुष्यही कल्पले होते : लहानपणी वडील गेलेले, आईची माया नाही, सौंदर्यस्पर्धांवर पोट भरावे लागलेले. पडद्यावर यातले फारसे काही सांगितलेले नाही, पण तिच्या हव्यासामागे भीती आहे हे जाणवते ते यामुळेच.

हे प्रेम पडद्यावर दिसते कसे, हे समजून घेतल्याशिवाय वादात उतरू नये. मपेट बाहुलीत कलाकाराचा एक हात डोक्यात असतो. चार बोटे वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. दुसऱ्या हाताने बाहुलीच्या हातांना जोडलेल्या बारीक काड्या हलवायच्या. कलाकार चौकटीच्या खाली, हात डोक्यावर ताणून उभा असतो किंवा बसतो आणि आपली बाहुली समोरच्या मॉनिटरवर पाहतो. त्यावरचे चित्र आरशासारखे उलटे नसते, म्हणून नवखा माणूस डावीकडे म्हणून उजवीकडे बघायला लावतो. प्रेमप्रसंगात ही चूक लगेच उघडी पडते. दोघांचेही डोळे साधारणपणे स्थिर असतात. एकमेकांकडे बघणे म्हणजे दोन मनगटांचा कोन जुळणे. कोन थोडा चुकला की कर्मिट तिच्या कानामागे बघतो आणि प्रसंग मरतो. चुंबनाची अडचण आणखी वेगळी : पिगीचे नाकाड पुढे, कर्मिटचे तोंड सपाट आणि मऊ. त्यामुळे ती पुढे येते आणि त्याचा चेहरा चुरगळतो. हा चुरगळलेला चेहरा हेन्सन मुठीच्या हालचालीने करत, आणि कर्मिटचे संकोचणे, गिळलेले उत्तर, पळवाट शोधणे हे सगळे त्यातूनच आले. ती ओढते, तो आक्रसतो. ऑझ १९६३ मध्ये हेन्सन यांच्याकडे कामाला लागले होते. म्हणजे हे प्रेमप्रसंग खेळताना दोघांच्या हातांना वर्षानुवर्षांची सवय होती. कर्मिटचा जिवलग मित्र फॉझी अस्वल हेही ऑझ यांचेच. फॉझी आणि पिगी एकाच चौकटीत आले की त्यांपैकी एकाला दुसरा कलाकार सांभाळतो.

पहिल्या तीन चित्रपटांत या प्रेमाची मांडणी वाढत जाते. ‘द मपेट मूव्ही’ (१९७९) मध्ये पिगी जत्रेतली सौंदर्यस्पर्धा जिंकते आणि गर्दीतल्या कर्मिटला पाहताच गाऊ लागते. पण हा सारा चित्रपट मपेट मंडळी स्वतःच एका प्रेक्षागृहात बसून बघत असतात, आणि पुतण्या रॉबिनने हे असेच घडले का विचारल्यावर कर्मिट जवळपास असेच, असे उत्तर देतो. ‘द ग्रेट मपेट केपर’ (१९८१) मध्ये तर तो ऐन प्रसंगात भूमिकेबाहेर येऊन पिगीला अतिअभिनय करतेस म्हणून सुनावतो आणि दोघे कॅमेऱ्यासमोरच भांडतात. याच चित्रपटात बॅटरसी पार्कमध्ये दोघे सायकली चालवतात. तिथे खालून हात घालायला जागाच नसल्याने बाहुल्या दोऱ्यांवर पेलाव्या लागल्या. म्हणजे दोन्ही चित्रपट सरळ सांगतात की आम्ही नट आहोत आणि हा सिनेमा आहे.

‘द मपेट्स टेक मॅनहॅटन’ (१९८४, दिग्दर्शन फ्रँक ऑझ) तसे कुठेही सांगत नाही. खरा पेच हा. कथेत कर्मिटचे नाटक ब्रॉडवेवर येणार असते. गाडीची धडक बसून त्याची स्मृती जाते, तो एका जाहिरात कंपनीत रमतो, आणि डुकरिणीवर प्रेम करायच्या कल्पनेवर तो हसतो तेव्हा पिगीच्या तडाख्यानेच त्याला सगळे आठवते. नाटकाचा शेवट लग्नाने. पुरोहिताची भूमिका मपेटांपैकीच एक असलेला गोंझो करणार असे कर्मिट धरून चालतो, पण समोर येतो तो खराखुरा पाद्री. कर्मिट दचकतो, विचारतो, थांबतो, आणि मग हो म्हणतो. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेतली बाहुल्यांची पात्रेही वऱ्हाडात बसलेली असतात.

लग्न झाले म्हणणाऱ्यांचा आधार चार गोष्टींवर : पाद्री खरा, साक्षीदार हजर, होकार स्पष्ट, आणि त्यानंतर कुणीही ‘कट’ म्हणत नाही. न झाले म्हणणाऱ्यांचे उत्तर असे : पाद्री चित्रपटात खरा आहे, पण चित्रपट स्वतः तीन वर्षांपूर्वीच्या सायकलींइतकाच रचलेला आहे. मपेट हे नट आहेत असे एकदा मानले की मॅनहॅटनमधला कर्मिट ही कर्मिटने केलेली भूमिका ठरते. मुलाखतींमध्ये कर्मिटही ते नाटकातले लग्न असेच म्हणत आला. पिगीने कधी मान्य केले नाही. ‘द मपेट शो’ मालिकेतही हीच ओढाताण होती : तिसऱ्या पर्वात पिगी त्याला लग्नाच्या प्रवेशात अडकवते आणि होकाराच्या क्षणी तो पुढच्या कलाकाराची घोषणा करून सुटतो, पाचव्यात लग्नाची खोटी बातमी छापून आणल्याबद्दल तो तिला कामावरूनच काढतो. मॅनहॅटनमधला फरक एवढाच की तिथे सुटायला वाट ठेवलेली नाही. म्हणूनच तो प्रवेश इतका हेलावून टाकतो. सुरुवातीपासून ‘नाटकच तर आहे’ म्हणणाऱ्याने तो क्षण पुन्हा एकदा आवाज मोठा करून बघावा. हेन्सन यांनी होकारापूर्वी घेतलेला विराम नाटकातल्या नटाचा नाही.

आपल्याकडच्या अर्धवटराव आणि आवडाबाई यांच्याबाबत हा प्रश्न उद्भवत नाही. पाध्ये यांचे हे बोलके बाहुले रंगमंचावर येतात तेच नवरा-बायको म्हणून. विनोद संसारातला असतो. कर्मिट-पिगीचा विनोद संसार सुरू न होण्यातला आहे.

१६ मे १९९० रोजी हेन्सन वारले. कर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे आला (२०१६ पर्यंत, २०१७ पासून मॅट व्होगल), आणि २००१ च्या सुमारास पिगी एरिक जेकबसन यांच्याकडे गेली. हेन्सन गेल्यावर आलेल्या पहिल्या दोन चित्रपटांनी लग्नाचा प्रश्न हुशारीने बाजूला ठेवला. ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’ (१९९२) मध्ये दोघे डिकन्सच्या कथेतले क्रॅचिट दांपत्य आहेत. मुलगे बेडूक, मुली डुकरिणी, आणि त्यांचा लहानगा टायनी टिम म्हणजे रॉबिन. भूमिका उघड असल्याने वाद उरत नाही, आणि कदाचित त्यामुळेच त्यांच्यातला जिव्हाळा इथे सर्वांत निवांत दिसतो. ‘मपेट ट्रेझर आयलंड’ (१९९६) मध्ये कर्मिट कॅप्टन स्मॉलेट असून पिगीला बोहल्यावर सोडून पळालेला आहे. दोघांना कड्यावरून उलटे टांगलेले असते, आणि तशा अवस्थेत ते प्रेमगीत गातात. मॅनहॅटनचे हे उलटे रूप आहे, पण चाहते त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत, हे खटकते. ‘मपेट्स फ्रॉम स्पेस’ (१९९९) गोंझोचा. या वादात तो जवळजवळ निरुपयोगी.

२००४ मध्ये डिस्नेने मपेट विकत घेतले. ‘द मपेट्स’ (२०११) मध्ये दोघे दुरावलेले आहेत : ती पॅरिसला फॅशन मासिकात, तो मोठ्या घरात एकटा. ‘मपेट्स मोस्ट वॉन्टेड’ (२०१४) लग्न झालेले नाही असे गृहीत धरतो, पण या प्रेमाची सर्वांत नेमकी व्याख्याही तोच करतो. कर्मिटसारखा दिसणारा गुन्हेगार कॉन्स्टंटीन पिगीशी लग्न करायला निघतो. खरा कोण हे ओळखायला पिगी दोघांना एकच प्रश्न विचारते : माझ्याशी लग्न करशील? तोतया तत्काळ हो म्हणतो. जो अडखळतो, तो कर्मिट.

या कसोटीवर २०१५ ची दूरचित्रवाणी मालिका का पडली तेही कळते. ऑगस्ट २०१५ मध्ये दोघे वेगळे झाल्याचे जाहीर झाले, कर्मिटला डेनिस नावाची दुसरी डुकरीण जोडीदार म्हणून दिली, आणि १६ भागांनंतर मालिका थांबली. अनेकांनी दोष डेनिसला दिला. खरी चूक वेगळी होती : तिथे कर्मिटला अडखळायची गरजच ठेवली नाही. त्याने निर्णय घेतला होता, आणि निर्णय घेतलेल्या कर्मिटला पिगीने ओढून काय करायचे?

दुसरी तक्रार जुनी आणि रास्त आहे. कराटेचा तडाखा बऱ्याचदा कर्मिटच खातो, आणि हेच उलट घडले असते तर कुणी हसले नसते. पिगीला २०१५ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयाचा स्त्रीवादी कार्यासाठीचा सन्मान मिळाला तेव्हा ही चर्चा पुन्हा निघाली. तिच्या बाजूने म्हणता येईल ते एवढेच की मार कुणाला बसतो याचे भान चित्रपटांना ‘द मपेट शो’पेक्षा जास्त आहे : मॅनहॅटनमधला तडाखा कर्मिटच्या अपमानाला उत्तर आहे, आणि त्यानेच त्याची आठवण परत येते.

नव्या प्रेक्षकाने १९७९, १९८१ आणि १९८४ चे चित्रपट याच क्रमाने बघावेत. मॅनहॅटन आधी बघितला तर लग्न खरे वाटते, शेवटी बघितला तर शंका येते. त्याच चित्रपटातले बाळरूपातल्या मपेटचे स्वप्नदृश्य पुढे ‘मपेट बेबीज’ (१९८४–९१) या स्वतंत्र व्यंगचित्र मालिकेचे बीज ठरले. त्या स्वप्नात पिगी लहानपणीच कर्मिटला आयुष्यभर प्रेम करीन असे गाऊन सांगते. स्वप्न तिचे असल्याने पुरावा म्हणून ते कुणीच धरत नाही.