आफ्रिकेच्या रुळांमधले 67 मिलिमीटर

टांझानियातल्या किदातू इथे दोन रेल्वेमार्ग एकमेकांना भेटतात, पण एकावरची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. किलोसाहून येणाऱ्या फाट्याचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1000 मिलिमीटर, म्हणजे मीटरगेज. दार-एस-सलाम ते झांबियातलं कापिरी म्पोशी हा 1860 किलोमीटरचा ताझारा मार्ग मात्र 1067 मिलिमीटरचा. फरक जेमतेम चार बोटांचा, आणि तेवढ्यासाठी 1998 मध्ये इथे माल बदलण्याचं ठाणं सुरू करावं लागलं.

हा फरक वसाहतींच्या काळातला आहे. ब्रिटिशांनी 1896 मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वे बांधायला घेतली. मजूर, डबे, अवजारं असं बरंच काही भारतातून येणार होतं, म्हणून भारतात रुळलेलं मीटरगेजच तिथे गेलं. सुमारे 32,000 मजूर भारतातून नेले गेले, त्यांत पंजाबातले सर्वाधिक. सुमारे 2,500 जण तिथेच मेले. 1901 मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला टेकले. शेजारी जर्मनांनी दार-एस-सलाम ते किगोमा हा मार्गही मीटरगेजच केला. दक्षिणेत, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीने मात्र साडेतीन फूट, म्हणजे 1067 मिलिमीटर निवडले होते, आणि खाणींच्या मागोमाग ते गेज आजच्या झांबियापर्यंत चढत गेलं. ताझारा 1970 ते 1975 या काळात, स्वातंत्र्यानंतर, चीनच्या मदतीने बांधला गेला. पण झांबियाचं तांबं ज्या वाघिणींतून निघायचं त्या 1067 च्या होत्या, त्यामुळे नव्या मार्गालाही जुनंच माप घ्यावं लागलं.

मग तिसरा रूळ टाकून दोन्ही गाड्या एकाच मार्गावर का चालवत नाहीत? ब्रॉडगेजमध्ये मीटरगेजसाठी तिसरा रूळ बसतो, कारण तिथे फरक 676 मिलिमीटरचा आहे. इथे रुळाचा तळच 100 मिलिमीटरहून रुंद. 67 मिलिमीटरच्या अंतरावर दोन रूळ शेजारी ठेवले तर तळ एकमेकांवर चढतात. शिवाय चाकाची आतली कड रुळाच्या बाजूने खाली उतरते, तिला मोकळी फट हवी. तीही उरत नाही. एकच उपाय म्हणजे दोन्ही जोड्या सरकवून चार रूळ टाकायचे. त्यात गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे इतके गुंतागुंतीचे होतात की लांब पल्ल्याला ते परवडत नाही. चाकं सरकवणंही सोपं नाही. ती आसावर प्रचंड दाबाने बसवलेली असतात. प्रत्येक चाक साडेतेहतीस मिलिमीटर हलवायचं, तर आस, ब्रेक आणि बोगीची (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याची) चौकट मुळातच त्या हिशेबाने केलेली हवी.

म्हणून माल उतरवून पुन्हा चढवायचा. मनमाडला मीटरगेजमधून उतरून ब्रॉडगेज गाठलेल्या जुन्या प्रवाशांना ही कटकट ठाऊक आहे. पण प्रवासी आपल्या पायांनी फलाट बदलतो, पोती कुणीतरी वाहावी लागतात. समजा, 40 टनांच्या 20 वाघिणी आल्या. 50 किलोच्या पोत्यांचा हिशेब केला तर 16,000 पोती. कंटेनर असेल तर क्रेन काही मिनिटांत उचलते, पण पलीकडच्या रुळावर त्याच वेळी रिकामी वाघीण उभी हवी. ती उशिरा आली की अलीकडची गाडी अडकते, तिचं इंजिन अडकतं, मागची गाडी बाहेर खोळंबते. खरं नुकसान या वाट पाहण्यात आहे. दोन प्रकारच्या वाघिणी, दोन प्रकारचे सुटे भाग हा खर्च वेगळाच.

तरी सगळा दोष गेजला देणं चुकीचं ठरेल. काँगो नदीच्या दोन काठांवर किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन देशांच्या राजधान्या समोरासमोर आहेत. खालच्या अंगाला धबधब्यांमुळे जहाजं समुद्रापर्यंत जाऊ शकत नाहीत, म्हणून बेल्जियनांनी 1898 मध्ये किन्शासाच्या बाजूने मातादी बंदराचा मार्ग पुरा केला आणि फ्रेंचांनी 1921 ते 1934 या काळात ब्राझाव्हिलहून पाँत-न्वार बंदराचा. दुसऱ्यात हजारो आफ्रिकी मजुरांचा बळी गेला. आज दोन्हींचं गेज 1067 आहे, मधे पूल मात्र नाही. जोडायचंच नव्हतं, आपापल्या वसाहतीचा माल आपापल्या बंदरात पोचला की काम झालं.

रुळांनी माणसंही आपल्याभोवती गोळा केली. नैरोबी 1899 मध्ये रेल्वेचं ठाणं म्हणून वसलं. घानामध्ये सेकोंदीहून 1901 मध्ये तार्क्वाच्या सोन्यापर्यंत आणि 1903 मध्ये कुमासीपर्यंत रूळ गेले, पुढे त्या पट्ट्यात कोकोची लागवड पसरली. रेमी जेडवाब आणि अलेक्झांडर मोराडी या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की नंतर ती रेल्वे मोडकळीला आली, तरी तिच्याकाठी वाढलेली शहरंच मोठी राहिली. रस्ते, बाजार, शाळा आधीच तिथे जमल्या होत्या, मग नवा माणूस दुसरीकडे कशाला जाईल?

केनियाने 2017 मध्ये मोंबासा ते नैरोबी 1435 मिलिमीटरचा नवा मार्ग सुरू केला, 2019 मध्ये तो नैवाशाच्या बाजूला पुढे नेला. दिशा तीच, बंदराकडून आत. युगांडाच्या सीमेपर्यंत तो अजून पोचलेला नाही, म्हणून नैवाशाला रेल्वेने पुढे जाणारा कंटेनर उचलून जुन्या मीटरगेजच्या वाघिणीवर ठेवावा लागतो.