एनएचएलमध्ये खेळाडूचा करार आणि ट्रेड कसा होतो: पात्रता, कागदपत्रे, मुदती

ही बर्फावरची हॉकी, ध्यानचंदांची नव्हे. अमेरिका आणि कॅनडात मिळून नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, 32 संघ आहेत. टोरांटो-कॅल्गरीकडच्या मराठी घरांतली मुलं या संघांच्या जर्सी घालून फिरतात, पण खेळाडू एका संघातून दुसऱ्यात नेमका कसा जातो, हे विचारलं की घरातली मोठी माणसं आयपीएलच्या लिलावाकडे बोट दाखवतात. इथे लिलाव नसतो. संघाचा जनरल मॅनेजर खेळाडूच्या एजंटशी किंवा दुसऱ्या संघाच्या जनरल मॅनेजरशी बोलतो, आणि ठरलेलं सगळं लीगच्या सेंट्रल रजिस्ट्रीकडे जातं. तिथे नोंद होत नाही तोवर त्या बोलण्याला काहीही किंमत नसते.

करार कोण करू शकतो

करार करायचा तर खेळाडू 18 वर्षांचा हवा. वयाचा हिशेब 15 सप्टेंबरला धरतात. बहुतेक मुलं सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून, म्हणजे संघ आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्यातून, येतात आणि ज्या संघाने निवडलं त्याच्याशीच त्यांना बोलता येतं. पहिल्या कराराची मुदत ना संघ ठरवतो ना खेळाडू, ती वयावर ठरलेली आहे: 18 ते 21 वयात सही केली तर तीन वर्षं, 22-23 ला दोन, 24 ला एक. पगारालाही वरची मर्यादा असते.

यात एक बारीक कलम आहे. 18 किंवा 19 वर्षांच्या मुलाने त्या मोसमात एनएचएलचे 10 सामने खेळले नाहीत, तर त्याच्या कराराचं ते वर्ष मोजलं जात नाही, करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून नववा सामना झाला की जनरल मॅनेजर त्या मुलाला परत ज्युनियर संघात पाठवायचं की ठेवायचं, याचा विचार करत बसतो. मुलगा चांगला खेळतोय का, एवढाच प्रश्न नसतो. स्वस्तातलं एक वर्ष आत्ता खर्च करायचं की नंतर, हाही असतो.

करार लीगच्या ठरलेल्या छापील नमुन्यावरच होतो. खेळाडूच्या वतीने बोलणारा एजंट खेळाडूंच्या संघटनेने मान्यता दिलेला लागतो. प्रत्येक संघाला एका वेळी असे 50 करार ठेवता येतात, त्यातले 23 खेळाडू मुख्य संघात. सगळ्यांचा हिशेब सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेत, बसवावा लागतो. 2024-25 मध्ये ही मर्यादा 8 कोटी 80 लाख डॉलर होती, 2025-26 साठी 9 कोटी 55 लाख. त्या वर्षी हातात किती पैसे पडले, हे कॅपमध्ये धरत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी धरतात. एका खेळाडूला कॅपच्या 20 टक्क्यांहून जास्त देता येत नाही.

सरासरीच्या या नियमातूनच 2010 चं कोवालचुक प्रकरण झालं. न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकला 17 वर्षांसाठी 10 कोटी 20 लाख डॉलरचा करार दिला. करार संपताना तो 44 वर्षांचा असता. शेवटच्या काही वर्षांचा पगार जेमतेम साडेपाच लाख, कारण ती वर्षं फक्त सरासरी खाली आणायला जोडलेली होती. लीगने करार नोंदवायला नकार दिला, लवादाने ऑगस्टमध्ये लीगची बाजू उचलून धरली. मग 15 वर्षांचा 10 कोटींचा करार झाला, आणि डेव्हिल्सला वर दंडही भरावा लागला. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2013 च्या कामगार करारापासून मुदतीला चाप बसला: स्वतःच्या खेळाडूला आठ वर्षं, बाहेरच्याला सात. सप्टेंबर 2026 पासूनच्या नव्या कामगार करारात हे सात आणि सहा होतं.

करार संपला की

खेळाडू 27 वर्षांचा झाला किंवा सात मोसम खेळला, की तो पूर्ण मोकळा, कुठल्याही संघाकडे जाऊ शकतो. त्याआधी करार संपला तर तो मर्यादित मोकळा राहतो. अशा खेळाडूवरचा हक्क राखायचा असेल तर संघाने 25 जूनपर्यंत किंवा ड्राफ्टनंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर, त्याला लेखी प्रस्ताव पाठवावा लागतो. तो पाठवला नाही की हक्क गेला. खेळाडूने प्रस्ताव स्वीकारायलाच हवा असं नाही. काही जण लवादाकडे अर्ज करतात. पहिला करार कोणत्या वयात केला त्यावर हा अधिकार कधी मिळतो ते ठरतं. सुनावणीत खेळाची आकडेवारी आणि त्याच्यासारख्या खेळाडूंचे करार मांडायचे. व्हिडिओ, वर्तमानपत्रांची कात्रणं, संघाची आर्थिक ओढाताण, पूर्ण मोकळ्या खेळाडूंचे करार हे पुरावे चालत नाहीत. निकाल 48 तासांत येतो. आपल्याच खेळाडूसमोर बसून त्याचे दोष मोजायचे, हे काम कुठल्याच जनरल मॅनेजरला आवडत नाही, म्हणून बहुतेक अर्ज सुनावणीआधीच मिटतात.

मर्यादित मोकळ्या खेळाडूसमोर दुसरा संघही ऑफर शीट, म्हणजे स्वतःच्या कराराचा लेखी प्रस्ताव, ठेवू शकतो. खेळाडूने सही केली की मूळ संघाला सात दिवस मिळतात: तेवढेच पैसे देऊन ठेवा, नाहीतर भरपाई म्हणून त्या दुसऱ्या संघाच्या ड्राफ्टमधल्या निवडी, म्हणजे खेळाडू निवडण्याचे हक्क, घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुईस ब्लूजने एडमंटन ऑयलर्सच्या दोन तरुणांना, फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे यांना, एकाच दिवशी ऑफर शीट दिली. ब्रोबर्गला वर्षाला 45 लाख 80 हजार डॉलरच्या थोडं वर, हॉलोवेला साधारण 22 लाख 90 हजार. हे आकडे बघा. दोन्ही भरपाईच्या टप्प्याच्या अगदी वरच्या टोकाला आहेत. आणखी किंचित वाढले असते तर भरपाई पुढच्या, महागड्या टप्प्यात गेली असती. भरपाईला स्वतःचीच निवड लागते, दुसऱ्या संघाकडून आलेली चालत नाही. म्हणून ब्लूजने पिट्सबर्गला आधी देऊन टाकलेली आपली दुसऱ्या फेरीची निवड परत मिळवली आणि मगच कागद पाठवला. एडमंटनच्या कॅपमध्ये जागाच नव्हती. सात दिवस संपले, दोघेही गेले, बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची एकेक निवड आली. इतकी नीट तयारी करून आलेली ऑफर शीट विरळाच.

कुठलाच मार्ग जमला नाही तर 1 डिसेंबर, पूर्व अमेरिकेच्या वेळेने संध्याकाळी 5 ही शेवटची रेघ. तोवर सही नसेल तर मर्यादित मोकळा खेळाडू त्या मोसमात एनएचएलमध्ये खेळू शकत नाही. 2018 मध्ये टोरांटोच्या विल्यम नीलँडरचा करार या वेळेच्या काही मिनिटं आधी झाला.

ट्रेड: फोनवर काय होतं

दोन जनरल मॅनेजरांचं ठरलं की दोन्ही बाजूंनी त्याच अटी लिहून सेंट्रल रजिस्ट्रीकडे पाठवायच्या. कोण जाणार, कोणत्या वर्षाची कोणत्या फेरीची निवड, निवडीला अट असेल तर ती, पगाराचा किती हिस्सा जुना संघ भरणार, वैद्यकीय माहिती, आणि खेळाडूच्या करारात बदलीला नकार देण्याचं कलम असेल तर त्याची लेखी संमती. रजिस्ट्री 50 करारांची आणि कॅपची मर्यादा तपासते. मग लीगचे अधिकारी आणि दोन्ही संघ एकाच फोनवर येतात, अटी वाचून दाखवल्या जातात, दोघे हो म्हणतात. मार्चमध्ये ट्रेडची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवशी, पूर्व अमेरिकेच्या वेळेने दुपारी 3 च्या आत कागद पोचले पाहिजेत. फोनची रांग लांबली तर चालतं, म्हणूनच काही बातम्या वेळ उलटल्यावर फुटतात.

1988 मध्ये वेन ग्रेट्झकी एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला तेव्हा सोबत दीड कोटी डॉलर रोख आले होते. आता ट्रेडमध्ये रोख चालत नाही. त्याऐवजी जुना संघ पगाराचा 50 टक्क्यांपर्यंत भार स्वतःकडे ठेवतो. एका संघाला असे तीनच करार ठेवता येतात. जानेवारी 2025 मध्ये मिक्को रँटानेन कोलोराडोहून कॅरोलायनाला गेला तेव्हा शिकागो मध्ये आला, त्याच्या पगाराचा अर्धा भार घेतला आणि बदल्यात आपलीच तिसऱ्या फेरीची निवड परत मिळवली. मार्चमध्ये कॅरोलायनाने रँटानेनला डॅलसला पाठवलं आणि तिथे त्याने आठ वर्षांचा 9 कोटी 60 लाखांचा करार केला. डॅलसकडे आलेला तो आता 'स्वतःचा खेळाडू' होता, म्हणून आठवं वर्ष देता आलं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नकाराच्या कलमात. मार्च 2022 मध्ये वेगास गोल्डन नाइट्सने मुदतीच्या शेवटच्या दिवशी एव्हगेनी दादोनोव्हला अनाहाइमला पाठवलं. त्याच्या ओटावाबरोबरच्या मूळ करारात 10 संघांची 'इथे जाणार नाही' अशी यादी देण्याचा अधिकार होता, आणि अनाहाइम त्या यादीत होता. ओटावाने आदल्या वर्षी त्याला वेगासला दिलं होतं. त्या फेऱ्यात यादीची खबर नव्या संघाला नीट मिळालीच नाही. ट्रेड जाहीर झाला, आणि दोन दिवसांनी लीगने तो रद्द केला. मुदत उलटून गेलेली, त्यामुळे नवा ट्रेड करून फायदा नव्हता. दादोनोव्ह परत वेगासकडूनच खेळला. जूनमध्ये तो मॉन्ट्रियलला गेला तो वेगळा व्यवहार. माझ्या मते दुसऱ्याकडून करार घेताना पहिला प्रश्न पगाराचा नाही, या यादीचा विचारावा.

उलटही घडलेलं आहे. पी. के. सुबानचं नकाराचं कलम 1 जुलै 2016 पासून लागू होणार होतं. मॉन्ट्रियलने त्याला 29 जूनलाच नॅशव्हिलला दिलं, आणि नॅशव्हिलवर ते कलम पाळायचं बंधन उरलं नाही. कामगार करारातल्या 2020 च्या सुधारणेनंतर कलम सुरू होण्याआधी ट्रेड झाला तरी ते खेळाडूबरोबर जातं.

मार्चची मुदत उलटल्यावर आणलेला खेळाडू त्या मोसमात खेळवता येत नाही. आणखी एक पळवाट 2025-26 पासून बंद झाली: पूर्वी प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, कॅप लागत नसे, त्यामुळे जायबंदी यादीत असल्याने ज्याच्या पगाराची जागा इतरांवर खर्च झालेली असायची, तो महागडा खेळाडू नेमका तेव्हा बरा होऊन परतायचा. टँपा बे लाइटनिंगने 2021 मध्ये निकिता कुचेरोव्हच्या बाबतीत नियमात राहूनच हे केलं आणि चषक जिंकला. आता प्रत्येक प्लेऑफ सामन्याला उतरणारे 20 खेळाडू मिळून कॅपच्या आत हवेत.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळा: मार्चची ट्रेडची मुदत आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता संपते, 1 डिसेंबरची सहीची मुदत पहाटे साडेतीनला, आणि 1 जुलैला मोकळ्या खेळाडूंचा बाजार रात्री साडेनऊला उघडतो.