उत्तर येण्याआधी घेतलेले निर्णय : अमेरिकेच्या पहिल्या मुत्सद्द्यांचा पत्रव्यवहार

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याची घोषणा केली ती जुलै १७७६ मध्ये. पण परदेशांशी पत्रव्यवहार करण्याची व्यवस्था त्यांनी त्याच्या सात महिने आधीच उभी केली होती. २९ नोव्हेंबर १७७५ रोजी फिलाडेल्फिया येथे कंटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, गुप्त पत्रव्यवहारासाठी पाच जणांची समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन, बेंजामिन हॅरिसन, थॉमस जॉन्सन, जॉन डिकिन्सन आणि जॉन जे हे तिचे पहिले सदस्य. हीच समिती एप्रिल १७७७ मध्ये परराष्ट्र व्यवहार समिती झाली, १७८१ मध्ये तिच्या जागी स्वतंत्र खाते आले आणि रॉबर्ट आर. लिव्हिंग्स्टन त्या खात्याचे पहिले सचिव झाले. ज्या राष्ट्राजवळ १७७५ मध्ये ना राज्यघटना होती ना राष्ट्राध्यक्ष, त्याच्याजवळ परदेशी पत्रे लिहिणारी समिती मात्र होती.

या पत्रव्यवहाराचे स्वरूप अटलांटिक महासागराने ठरवले. वारा अनुकूल असेल तर जहाज सुमारे महिन्याभरात पलीकडे जाई, नसेल तर दोन-तीन महिने लागत. त्यामुळे प्रश्न विचारून उत्तर हाती येईपर्यंत अर्धे वर्ष सहज निघून जाई. त्यात समुद्रावर पहारा ब्रिटिश आरमाराचा. म्हणून एकाच पत्राच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या जहाजांनी रवाना केल्या जात. महत्त्वाचा मजकूर सांकेतिक अंकांत लिहिला जाई. काँग्रेस सदस्य जेम्स लॉव्हेल यांनी तयार केलेली अशी एक लिपी तर इतकी किचकट होती की ती उलगडताना युरोपातील अमेरिकी मुत्सद्दी जॉन अ‍ॅडम्सही हैराण झाले. फ्रान्सला गेलेले पहिले प्रतिनिधी सायलस डीन अदृश्य शाई वापरत. ती जॉन जे यांचे बंधू डॉ. जेम्स जे यांनी बनवली होती.

इतकी काळजी घेऊनही पत्रे शत्रूच्या हाती पडत आणि त्याचे परिणाम भयंकर होत. सप्टेंबर १७८० मध्ये काँग्रेसचे माजी अध्यक्ष हेन्री लॉरेन्स हॉलंडकडे निघाले असता न्यू फाउंडलंडजवळ त्यांचे जहाज ब्रिटिशांनी पकडले. लॉरेन्स यांनी कागदांची पिशवी समुद्रात फेकली, पण ती बुडण्याआधीच ब्रिटिश खलाशांनी वर ओढून घेतली. तिच्यात अ‍ॅमस्टरडॅमच्या मंडळींबरोबर केलेला एका तहाचा निव्वळ मसुदा होता. त्याला कोणत्याही सरकारची मान्यता नव्हती. तरीही तेवढ्या कागदाचे कारण पुढे करून ब्रिटनने डिसेंबरमध्ये हॉलंडशी युद्ध पुकारले आणि लॉरेन्स लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडले. पॅरिसमध्ये तर गळती घरातूनच होती : अमेरिकी प्रतिनिधींचा विश्वासू सहकारी एडवर्ड बँक्रॉफ्ट हा ब्रिटिशांचा हेर होता, आणि ही गोष्ट पुढे शंभर वर्षे उघड झाली नाही.

साराटोगा येथे ब्रिटिश सैन्यावर मिळवलेल्या विजयाची बातमी ४ डिसेंबर १७७७ रोजी फ्रान्समध्ये फ्रँकलिन यांच्याकडे पोहोचली आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सशी तह झाला. त्या तहातून भडकलेल्या युद्धाची झळ आपल्याकडेही लागली. नाना फडणीसांच्या पुण्यात सेंट लुबिन हा फ्रेंच माणूस १७७७ पासून येऊन राहिला होता, आणि फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर मराठे व फ्रेंच एकत्र येतील ही इंग्रजांची धास्ती १७७५ मध्ये सुरू झालेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध पुन्हा पेटण्यामागील कारणांपैकी एक होती.

या सगळ्या पत्रव्यवहाराचा कस लागला तो १७८२ च्या शांतता वाटाघाटींत. जून १७८१ मध्ये काँग्रेसने आपल्या प्रतिनिधींना बजावले होते की फ्रान्सच्या माहितीशिवाय आणि संमतीशिवाय तहाबाबत काहीही करू नये. ही सूचना पाळायची की नाही, असा प्रश्न पॅरिसमध्ये उभा राहिला. फ्रान्स अमेरिकेच्या सीमा आखडू पाहत आहे असा जॉन जे यांना संशय आला, अ‍ॅडम्स त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि अखेरीस फ्रँकलिनही राजी झाले. ३० नोव्हेंबर १७८२ रोजी फ्रान्सला न विचारता ब्रिटनशी प्राथमिक कलमांवर सह्या झाल्या. हे काँग्रेसला आधी विचारणे शक्यच नव्हते, कारण विचारून उत्तर येईपर्यंत संधी निघून गेली असती.

फ्रेंच परराष्ट्रमंत्री व्हर्जेन यांनी तक्रारीचे पत्र लिहिले. १७ डिसेंबरला फ्रँकलिन यांनी त्याला दिलेले उत्तर मला या सर्व दप्तरातील सर्वांत कसबी पत्र वाटते. शिष्टाचारात चूक झाली हे त्यांनी मान्य केले, फ्रान्सच्या राजाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली, आणि आपल्या दोघांत फूट पाडल्याचे समाधान इंग्रज आताच मानू लागले आहेत, तेव्हा हा छोटा गैरसमज गुप्तच राहावा, असे सुचवले. फ्रान्सला दुखावून त्याच पत्रात त्याला आपल्याशी बांधून ठेवायचे होते, आणि ते साधले. फ्रान्सने कबूल केलेले साठ लाख लिव्हरचे (लिव्हर हे तेव्हाचे फ्रेंच चलन) नवे कर्ज मागे घेतले नाही.

लिव्हिंग्स्टन यांना मात्र हे पटले नाही. कलमे काँग्रेसकडे मार्च १७८३ मध्ये पोहोचली आणि २५ मार्चच्या पत्रात त्यांनी अटींचे कौतुक करून मित्रराष्ट्रापासून केलेल्या लपवाछपवीबद्दल प्रतिनिधींना खडसावले. प्रतिनिधींनी जुलैमध्ये एकत्रितपणे आपली बाजू मांडली. त्याच महिन्यात फ्रँकलिन यांनी लिव्हिंग्स्टन यांना स्वतंत्र पत्र लिहिले. त्यात त्यांनी अ‍ॅडम्स यांना देशाचे हित पाहणारे, नेहमी प्रामाणिक आणि अनेकदा शहाणे म्हटले, पण काही बाबतींत त्यांचे भान पार सुटते, असेही लिहिले. एकाच तहावर सह्या करणारे हे सहकारी होते! अंतिम तहावर ३ सप्टेंबर १७८३ रोजी सह्या झाल्या.

पत्रांतील मतभेद नेहमीच असे कडवट नसत. १७८६ च्या जुलैत अ‍ॅडम्स लंडनमध्ये आणि थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. अल्जियर्सने आदल्या वर्षी दोन अमेरिकी जहाजे पकडली होती आणि उत्तर आफ्रिकेच्या या सत्तांना खंडणी द्यावी की त्यांच्याशी लढावे, हा प्रश्न होता. व्यापाराचे नुकसान खंडणीहून मोठे आहे आणि आपले लोक युद्धाला तयार होणार नाहीत, म्हणून पैसे द्यावेत, असे अ‍ॅडम्स यांचे मत. न्याय, मान आणि खर्च या तिन्ही दृष्टींनी आरमार उभारणेच योग्य, असे जेफरसन यांचे. दोघांनी एकमेकांची मांडणी मुद्देसूद तपासली आणि निर्णय काँग्रेसचा आहे हे दोघांनीही मान्य केले. जेफरसन १८०१ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी उत्तर आफ्रिकेतील ट्रिपोलीकडे लढाऊ जहाजे पाठवली. त्या निर्णयाची मुळे या पत्रांत दिसतात.

राज्यघटना लागू झाल्यावर लिहून विचारण्याची सवय देशातल्या कारभारातही उतरली. युरोपातील युद्धाबाबत काय करावे यासाठी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी एप्रिल १७९३ मध्ये आपल्या मंत्र्यांना तेरा लेखी प्रश्न पाठवले, आणि २२ एप्रिलला तटस्थतेची घोषणा झाली. जुलैत तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच तहांच्या अर्थाबद्दल सल्ला विचारला. आता सरन्यायाधीश असलेल्या जे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ऑगस्टच्या पत्राने तो देण्यास नकार दिला. सरकारला न्यायालय सल्ला देत नाही, हा तेथील दंडक या पत्रावर उभा आहे.

महासागराचे अंतर मात्र कायम होते, आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ १८०३ मध्ये झाला. फ्रान्समध्ये वाटाघाटी करणाऱ्या लिव्हिंग्स्टन आणि जेम्स मन्रो यांना अधिकार होता तो न्यू ऑर्लीन्स आणि फ्लोरिडा खरेदी करण्यापुरता. ११ एप्रिलला फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँ यांनी उत्तर अमेरिकेतील सबंध लुइझियाना प्रदेशासाठी किती द्याल असे विचारले, आणि वॉशिंग्टनमधील सरकारला न विचारता दोघांनी ३० एप्रिल या तारखेच्या तहाने दीड कोटी डॉलरना तो प्रदेश घेतला. बातमी ३ जुलैला राजधानीत आली. राज्यघटनेत असा प्रदेश घेण्याची तरतूद नाही, तेव्हा दुरुस्ती करावी लागेल, असे जेफरसन यांनी १२ ऑगस्टला सीनेटर जॉन ब्रेकिनरिज यांना लिहिले. पाठोपाठ लिव्हिंग्स्टन यांचे पत्र आले : नेपोलियन मागे फिरण्याची शक्यता आहे, विलंब नको. १८ ऑगस्टला जेफरसन यांनी ब्रेकिनरिज यांना पुन्हा लिहिले की घटनेच्या अडचणीबद्दल कोठेही वाच्यता होऊ नये. २० ऑक्टोबरला सीनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी तहाला मंजुरी दिली.