क्लॅरिफायर की फ्लॉक? आधी गाळ कुठे जाणार ते ठरवा

"दोन्ही एकच हो, फ्लॉक जरा जहाल असतो एवढंच." वादळी पावसानंतर पोहण्याच्या तलावाचं पाणी गढूळ झालं की हा सल्ला हमखास ऐकू येतो, आणि त्यापायी चांगले फिल्टर कामातून जातात. क्लॅरिफायर आणि फ्लॉक ही गढूळ पाणी निवळवायची दोन रसायनं, पण एकाच औषधाचा छोटा आणि मोठा डोस नव्हे. क्लॅरिफायर गाळ फिल्टरकडे पाठवतो, फ्लॉक गाळ तळाशी बसवतो. पंप चालू ठेवायचा की बंद, फिल्टरचा व्हॉल्व्ह (पाणी कुठे जाईल ते ठरवणारी चावी) कुठल्या खुणेवर, घाण कुठून काढायची, पाणी किती घालवायचं, हे सगळं यावरूनच ठरतं.

तुरटीने पाणी निवळतं हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून तो भाग थोडक्यात. मातीचे बारीक कण एक-दोन मायक्रॉनचे, कित्येक त्याहूनही लहान. त्यांच्यावर ऋण भार असल्याने ते एकमेकांना ढकलत राहतात. एकत्र येत नाहीत आणि लवकर खालीही बसत नाहीत. सँड फिल्टर साधारण 20 ते 40 मायक्रॉनपर्यंतचं अडवतो, कार्ट्रिज फिल्टर (घड्या घातलेल्या कापडाचा) 10 ते 20. त्यामुळे ही माती फिल्टरमधून जशी जाते तशीच परत येते, पंप रात्रंदिवस चालवला तरी. धन भाराचं काही घातलं की कणांचा भार मोडतो आणि त्यांचे पुंजके होतात. इथपर्यंत क्लॅरिफायर आणि फ्लॉक दोघांचं काम सारखंच. गोंधळ यामुळेच होतो, कारण बहुतेकांची समजूत इथेच थांबते.

खरा फरक या पुंजक्यांचं पुढे काय होतं, त्यात आहे.

क्लॅरिफायर सहसा धन भाराचं पॉलिमर असतं आणि त्याची मात्रा अगदी थोडी असते. त्याने होणारे पुंजके लहान असतात: फिल्टरला सापडण्याइतके मोठे, पण बुडण्याइतके जड नाहीत. ते पाण्यात तरंगत राहावेत आणि फिल्टरपर्यंत पोचावेत हीच अपेक्षा. म्हणून पंप सतत चालू हवा. 50,000 लिटरचा तलाव आणि तासाला 10,000 लिटर ओढणारा पंप असेल, तर पाच तासांत एक फेरी होते. पण फिल्टरमधून आलेलं पाणी गढूळ पाण्यातच मिसळत असल्याने एका फेरीत जेमतेम 63 टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, तीन फेऱ्यांत 95 टक्के. त्यात फिल्टर पहिल्याच खेपेला सगळं पकडत नाही. दोन-तीन दिवस धरून चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नितळ व्हावं हा हट्ट सोडा.

फ्लॉक म्हणजे बहुधा ॲल्युमिनियम सल्फेट. पाण्यातल्या अल्कलिनिटीशी (आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांशी) त्याची क्रिया होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे जेलीसारखे पांढुरके पुंजके तयार होतात. ते खाली उतरताना वाटेतली माती गुंडाळून घेतात आणि तळावर साका बसतो. इथे मिसळून झाल्यावर पंप बंद हवा, आणि फिल्टरचं काही काम नाही. काही म्हणजे काहीच नाही.

हे उलटसुलट झालं की काय होतं ते पाहा. फ्लॉक टाकून पंप नेहमीसारखा 'फिल्टर'वर चालू ठेवला, तर ती जेली वाळूत शिरते. दाब चढतो, वाळूचे गोळे होतात, पाणी त्यांना वळसा घालून न गाळताच निघून जातं. कार्ट्रिजच्या घड्यांवर तिचा असा लेप बसतो की पाण्याच्या फवाऱ्याने धड निघत नाही. उलट क्लॅरिफायर टाकून पंप बंद केला आणि साका बसायची वाट पाहिली, तर सकाळी पाणी काल होतं तसंच. मग "कमी पडला वाटतं" म्हणून आणखी एक डोस, त्यावर आणखी एक. पॉलिमर जास्त झालं की कणांवर धन भार चढतो, ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात आणि पाणी आणखी धुरकट होतं. ही चूक तिसरा डोस घालून सुधारत नाही.

तिसरी चूक सर्वांत चीड आणणारी, कारण तोवर सगळं बरोबर झालेलं असतं. फ्लॉक नीट बसला, पाणी काचेसारखं दिसतंय, आणि मग व्हॉल्व्ह 'फिल्टर'वर ठेवून व्हॅक्यूम (तळाचा गाळ ओढणारी नळी) लावला. साका फिल्टरमधून वाट काढून परतीच्या नळ्यांतून तलावात येतो आणि रात्रभराची वाट पाहणं फुकट जातं. फ्लॉकचा साका 'वेस्ट'वरच काढायचा, म्हणजे तलावातून थेट गटारात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: रसायनाचं नाव वाचून हा फरक कळतोच असं नाही. मोठ्या सार्वजनिक तलावांत पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड सँड फिल्टरच्या आधी अगदी बारीक धारेने सतत सोडतात, आणि तिथे ॲल्युमिनियमचंच संयुग क्लॅरिफायरचं काम करतं. म्हणून लेबलवर फक्त एक ओळ शोधा: पंप चालू ठेवा म्हटलंय की बंद करा? 'टू इन वन' असं छापून हे सांगायचं टाळणारी बाटली विकत घेऊ नये.

वादळानंतर कुठला निवडायचा? उथळ बाजूलाही तळ दिसत नसेल आणि पाणी मातकट असेल, तर फ्लॉक. एवढी माती क्लॅरिफायरने फिल्टरवर लोटणं म्हणजे दिवसातून चारदा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं). खोल बाजूच्या मेन ड्रेनची (तळातून पाणी ओढणाऱ्या तोंडाची) जाळी दिसते पण कडा पुसट आहेत, अशी धूसरता असेल तर क्लॅरिफायर. आणि फिल्टरला 'वेस्ट'ची वाटच नसेल, जशी बऱ्याच कार्ट्रिज फिल्टरना नसते, तर फ्लॉकला हात लावू नका. तळाचा साका बाहेर टाकायला वेगळा पंप असेल तरच हा नियम मोडा.

दोन्हींच्या आधी क्लोरीन. जिवंत शेवाळ नीट बसत नाही आणि पुंजक्यांतून निसटतं. पाणी पुरात बुडालेल्या पंपाने फिरवायचं नाही. मोटर आणि वायरिंग आधी तपासून घ्यायचं. पाने जाळीने काढा, पीएच 7.2 ते 7.5 वर आणा, मग फ्री क्लोरीन (जंतू मारायला मोकळं असलेलं क्लोरीन) 10 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चढवा. त्यासाठी द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट बरं, कारण कॅल्शियम हायपोक्लोराइटने गढुळात स्वतःची पांढरी भर पडू शकते. अंधार पडल्यावर आणि उजाडण्यापूर्वी क्लोरीन मोजा. रात्रीतून 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी उतरलं, तर उरलेला गढूळपणा निर्जीव आहे. पाणी दुधासारखं पांढरं असेल तर ग्लासभर घेऊन त्यात थोडं व्हिनेगर टाका. लगेच निवळलं तर ती माती नव्हे, कॅल्शियम कार्बोनेट आहे. तिथे पीएच उतरवायचा, फ्लॉक नाही.

आता मात्रा. ॲल्युमिनियम सल्फेट साधारण 1,000 लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे 50,000 लिटरला अडीच किलो. स्फटिकाच्या खड्यांची पोटॅश तुरटी वापरणार असाल तर सुमारे दीडपट घ्या, कारण तिच्यात ॲल्युमिनियम कमी असतं. अंदाजाने ओतण्यापेक्षा आधी बरण्यांत पाहा. 5 ग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. तलावाचं एकेक लिटर पाणी चार बरण्यांत घेऊन त्यांत हे द्रावण 4, 7, 10 आणि 14 मिलिलिटर घाला. एक मिनिट जोरात, दहा मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास ठेवून द्या. सर्वांत कमी मात्रेत जी बरणी निवळली, ती तुमची. 10 मिलिलिटर म्हणजे 1,000 लिटरला 50 ग्रॅम.

ही मात्रा प्रति लिटर सुमारे 25 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. ती भरून काढायला 50,000 लिटरमध्ये आधीच दोन किलो खाण्याचा सोडा घाला. हे वगळलं तर पीएच कोसळतो, ॲल्युमिनियम पाण्यात विरघळलेलंच राहतं आणि पुढे पीएच सुधारताना पुन्हा ढग उठवतं. लोक म्हणतात "फ्लॉकने बिघडवलं". बिघडवलेलं असतं न घातलेल्या सोड्याने.

फ्लॉक बादलीत पाण्यात कालवून सगळ्या पृष्ठभागावर फिरवून टाका. स्किमरमध्ये (पृष्ठभागावरचं पाणी पंपाकडे ओढणाऱ्या तोंडात) कधीच नाही, आणि क्लोरीनच्या बादलीत तर मुळीच नाही. आम्ल द्रावण आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. व्हॉल्व्ह 'रीसर्क्युलेट'वर, म्हणजे पाणी फिल्टरला टाळून फिरेल. एक-दोन तास मिसळू द्या, मग पंप बंद. व्हॉल्व्ह नेहमी पंप थांबवूनच फिरवायचा. आणि टायमर! पहाटे आपोआप सुरू झालेला पंप बसलेला साका ढवळून टाकतो. टायमर आणि तळ साफ करणारा रोबोट दोन्ही बंद करा. आठ ते चोवीस तास पाण्यात कोणी उतरायचं नाही.

व्हॅक्यूमची नळी लावण्यापूर्वी पाण्याने भरून घ्या आणि तिचं डोकं अगदी हळू सरकवा. पुढे धूर उठला तर थांबा, काही तास पुन्हा बसू द्या. ब्रश लावू नका.

या कामात पाणी जातं, आणि बरंच जातं. 10 बाय 5 मीटरच्या तलावातून तासाला 10,000 लिटर बाहेर टाकले, तर पातळी तासाला 20 सेंटिमीटर उतरते. स्किमरने हवा ओढली की पंप कोरडा पडतो. म्हणून वादळाने भरलेलं जादा पाणी आधीच उपसून टाकण्याची जी घाई होते, ती चूक आहे. पंपघरात शिरत नसेल तर ते पाणी राहू द्या. व्हॅक्यूमला तेच लागणार आहे. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 सेंटिमीटर, अर्ध्या तासाची सोय.

क्लॅरिफायरबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लेबलवरची मात्रा एकदाच, पंप सतत चालू, 48 तास दुसरा डोस नाही. दाब स्वच्छ फिल्टरपेक्षा 0.5 ते 0.7 बार चढला की बॅकवॉश, त्याआधी नको: किंचित मळलेली वाळू धुतलेल्या वाळूपेक्षा बारीक कण चांगले धरते. बॅकवॉशनंतर 'रिन्स' (फिल्टरमधलं उरलेलं गढूळ पाणी गटारात सोडणारी खूण) विसरलात तर नळ्यांतून पहिल्या मिनिटभर गढूळ पाणीच येईल. मेन ड्रेनची जाळी काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत कोणालाही पाण्यात सोडू नका. तळाशी गेलेला माणूस गढुळात दिसत नाही.