हेल, चेहरा आणि एका फोटोचा घोळ

जळगावला 'जयगाव' आणि डोळ्याला 'डोया' म्हणणारा माणूस समोर बसलेला असला, तर पुण्याच्या पाहुण्याचं फारसं अडत नाही. तोच फोनवर आला की 'काय म्हणालात?' सुरू होतं.

ओठांवरून बोलणं ओळखायला बहिऱ्या मुलांच्या शाळांत फार पूर्वीपासून शिकवत. धड ऐकू येणाऱ्यांनाही चेहऱ्याचा आधार लागतो, हे १९५४ साली मोजून दाखवलं गेलं : गोंगाट वाढेल तसा तो आधार मोठा. १९७६ मध्ये आवाज 'बा'चा आणि ओठ 'गा'चे अशी जोडी दाखवली, तर पुष्कळ प्रौढांना 'दा' ऐकू आलं. हेलाचा प्रश्न मात्र यात कुठेच नव्हता.

तो आला १९९२ च्या अमेरिकेतल्या प्रयोगात, आणि घोळही तिथूनच. विद्यार्थ्यांना अमेरिकी उच्चारातलं एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. काहींपुढे गोऱ्या बाईचा फोटो, काहींपुढे आशियाई बाईचा. दुसऱ्या गटाला कमी कळलं, शिवाय नसलेला हेलही ऐकू आला. मग 'चेहरा दिसला की पूर्वग्रह जागा होतो' हे वाक्य जिथे तिथे चिकटलं. पण फोटोचे ओठ हलत नाहीत! बोलणारा चेहरा आणि भिंतीवरची तसबीर एकाच मापाने मोजायची, हा हट्ट पुढे बराच काळ टिकला. २०१५ मध्ये चिनी हेलाचं इंग्रजी गोंगाटात ऐकवलं, तेव्हा चिनी चेहऱ्याच्या फोटोने उलट मदतच केली. म्हणजे फोटोतून मिळते ती अपेक्षा. ती आवाजाशी जुळली तर तारते, नाही तर बुडवते. ओठांचं काम निराळं.

२०२० नंतर मास्कने हे सगळ्यांनाच पटवलं. शांत खोलीत कापडाआडचं बोलणं बऱ्यापैकी कळे. धुळ्याच्या बसस्थानकातल्या गोंगाटात मात्र कंडक्टरला गावाचं नाव दोनदा विचारावं लागे.

खानदेशापुरती मेख अशी, की प, ब, म ओठांवर स्पष्ट दिसतात, ळ आणि य तोंडाच्या आत घडतात. 'केयी' ही केळीच आहे हे ओठ सांगत नाहीत. ते सांगतात शब्द कुठे सुटला, जोर कुठे पडला. ळ-य ची अदलाबदल कानालाच शिकावी लागते, आणि हेल नवा असला तरी कान थोडक्या वाक्यांत सरावायला लागतो.