काळ्या पावसात भिजलेल्यांची आरोग्य पुस्तिका : पात्रता, कागदपत्रे, अर्ज

हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब पडला. त्यानंतर थोड्याच वेळात शहराच्या वायव्येकडच्या गावांवर काजळीसारखा काळा पाऊस कोसळला. तो अंगावर पडला, विहिरींत उतरला, भाजीपाल्यावर साचला, आणि लोकांनी तेच पाणी प्यायले, तीच भाजी खाल्ली. त्या वेळी पोरवयात असलेली ही माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. जपान सरकारची ‘हिबाकुशा आरोग्य पुस्तिका’, म्हणजे उपचारांच्या सवलतींचे ओळखपत्र, त्यांना मिळू शकते. हिबाकुशा म्हणजे अणुबॉम्बग्रस्त.

अर्जदारांच्या अंगातला किरणोत्सार सरळ मोजत का नाहीत? कारण आता मोजण्यासारखे फारसे उरलेलेच नाही. २०११ च्या अणुभट्टी अपघातानंतर फुकुशिमात ‘होल बॉडी काउंटर’ वापरले. माणूस यंत्रात दोन-तीन मिनिटे उभा राहिला की शरीरातले सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य कळते. पण मोठ्या माणसाच्या अंगातले निम्मे सीझियम तीन-साडेतीन महिन्यांत बाहेर पडते, उरलेल्यातले निम्मे पुढच्या तितक्याच काळात. म्हणजे १९४५ चे सीझियम १९५० पर्यंतच जवळपास संपले होते. स्ट्रॉन्शियम हे दुसरे किरणोत्सारी द्रव्य हाडात जास्त टिकते खरे, पण पुढे पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांची धूळ जगभर पसरली आणि सगळ्यांच्याच हाडांत थोडी थोडी गेली. त्यातला हिरोशिमाचा वाटा वेगळा काढणार कसा? त्यामुळे अर्जात प्रश्न एकच उरतो : त्या दिवशी तुम्ही कुठे होता?

कोण पात्र

कायद्यात चार गट आहेत. स्फोटाच्या वेळी शहरात असलेले. दोन आठवड्यांच्या आत स्फोटबिंदूपासून सुमारे दोन किलोमीटरच्या आत आलेले. जखमींची शुश्रूषा, मृतदेहांची विल्हेवाट अशा कारणांनी किरणोत्साराच्या संपर्कात आलेले. आणि या तिन्ही गटांतल्या आईच्या पोटात असलेले. राष्ट्रीयत्वाची अट नाही.

काळ्या पावसाची माणसे तिसऱ्या गटात येतात, पण तिथे पोचायला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. १९४५ मध्येच हवामानतज्ज्ञांनी पावसाची पाहणी केली होती. तिच्या आधारे सुमारे १९ किलोमीटर लांब आणि ११ किलोमीटर रुंद असा ‘मुसळधार पावसाचा’ पट्टा ठरला आणि सवलत तेवढ्यापुरतीच राहिली. पाऊस नकाशावरची रेघ पाहून पडतो थोडाच! रेषेबाहेरच्या ८४ जणांचा दावा हिरोशिमा उच्च न्यायालयाने १४ जुलै २०२१ रोजी मान्य केला. प्रकृतीवर परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नसेल तर तेवढे पुरे, असे न्यायालय म्हणाले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले नाही आणि एप्रिल २०२२ पासून नवे निकष आले.

त्या निकषांत दोन गोष्टी पाहतात : काळा पाऊस पडलेल्या ठिकाणी तुम्ही होता का, आणि ठरावीक अकरा प्रकारांपैकी एखादा आजार आहे का. कर्करोग, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, हृदय यांचे विकार त्यात येतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालते. आजाराची ही अट सरकारची, उच्च न्यायालयाची नव्हे. मला ती अनावश्यक वाटते, पण अर्ज करायचा तर ती पाळावीच लागते.

कागदपत्रे

अर्जाचा नमुना, त्या दिवसाची हकीकत स्वतःच्या शब्दांत, आजाराबद्दल डॉक्टरांचा दाखला, आणि मुख्य म्हणजे तुम्ही तिथे होता याचा पुरावा. पुराव्यात उतरंड आहे. त्या काळी सरकारने दिलेला आपद्ग्रस्ताचा दाखला सर्वांत वजनदार. तो नसेल तर तेव्हाची पत्रे, फोटो, शाळेची नोंद, कुटुंबनोंदणीतला पत्ता. तेही नसेल तर जवळच्या नात्यातले नसलेले दोन साक्षीदार. ऐंशी वर्षांनी असे साक्षीदार आणायचे कुठून, हा इथला खरा पेच. काहीच हाती नसेल, तर स्वतःचे निवेदन आणि ‘यात खोटे काही नाही’ अशी लेखी हमी जोडायची. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे प्रतिज्ञापत्र दिलेल्यांना हा प्रकार परका वाटणार नाही.

म्हणून हकीकत लिहिताना हात आखडू नका. कुठल्या वाटेने चालला होता, सोबत कोण होते, कपड्यांवर डाग कसे पडले, विहीर कोणाची होती, सगळे लिहा. असा बारीक तपशील इतर नोंदींशी ताडून पाहता येतो.

अर्ज राहत्या प्रांताच्या कार्यालयात द्यायचा. हिरोशिमा आणि नागासाकी शहरांत महापालिकेकडे. परदेशात राहणाऱ्यांना पूर्वी यासाठी जपानला जावे लागे. २००८ च्या दुरुस्तीपासून जपानी दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अर्ज देता येतो. असे एक कार्यालय मुंबईतही आहे.

नागासाकीत चित्र वेगळे आहे. तिथे ठरलेल्या हद्दीबाहेरच्या ४४ जणांच्या दाव्यात ९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालयाने १५ जणांनाच हिबाकुशा मानले.

पुस्तिका मिळाली की दवाखान्यात रुग्णाच्या वाट्याचा खर्च सरकार उचलते. वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते, मागितल्यास आणखी दोनदा, आणि त्यातली एक कर्करोगासाठी घेता येते. दरमहाचा आरोग्य भत्ता मात्र आपोआप सुरू होत नाही. त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो.