ओली गाडी पिशवीत ठेवू नका
क्रॉलर ट्रक, म्हणजे दगडधोंड्यांवरून हळू चढणारी रिमोटवरची छोटी गाडी, चालवणाऱ्या आणि दुरुस्तीला आणणाऱ्या ग्राहकांसाठी

पावसाळा सुरू झाला की आमच्या काउंटरवर रोज एकच संवाद होतो. गाडी पिशवीतून बाहेर येते, आम्ही चाक बोटाने फिरवतो, आतून वाळू भरडल्यासारखा आवाज येतो आणि समोरचे जरा दुखावल्या सुरात विचारतात, "पण ही वॉटरप्रूफ आहे ना?"

आहे. खोक्यावर तसं छापलंय आणि ते खोटंही नाही. फक्त ते गाडीतल्या नेमक्या कशाबद्दल छापलंय, हे बघायचं राहून जातं. वॉटरप्रूफ असतात ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हरचा, म्हणजे रिमोटचे सिग्नल घेणाऱ्या भागाचा डबा. ओढ्यातून जाताना गाडी मध्येच बंद पडणार नाही, बूट काढून तिला आणायला पाण्यात उतरावं लागणार नाही, एवढीच ती हमी. १:१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या एक दशांश) साध्या क्रॉलरमध्येसुद्धा चाकांत, अ‍ॅक्सलमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये मिळून वीसच्या वर बेअरिंगं असतात. ती पोलादाची. पाणी शिरलं की रात्रभरात तांबूस पडतात आणि आठवड्याभरात जाम होतात.

म्हणून गाडी पाण्यात घालूच नका, असं आम्ही म्हणत नाही. शेवाळलेल्या काळ्या दगडावरून पाणी वाहतंय, पुढचं चाक घसरतंय, अर्धा इंच थ्रॉटल देऊन गाडी वर काढायची, ही मजा एप्रिलमध्ये कुठून येणार? आम्हीही रविवारी सिंहगडाच्या बाजूला हेच करत असतो. नुकसान होतं ते घरी परतल्यावर. गाडी ओली असतानाच पिशवीत जाते, पिशवी स्कूटरच्या डिकीत जाते, सोमवारी ऑफिस सुरू होतं आणि पुढच्या रविवारपर्यंत गाडीची आठवण कुणाला होत नाही.

मागच्या वर्षी गणपतीनंतर अशीच एक गाडी आली. अ‍ॅक्सियलची एससीएक्स१०, चांगली जपलेली, बॉडीवर छोटे जेरीकॅन, वर दोरी गुंडाळलेला कॅरिअर, सगळी हौस केलेली. "फक्त एकदाच ओढ्यातून गेली, तीही दोन मिनिटं," असं सांगितलं गेलं. त्यावर आमचा विश्वास आहे. पण त्या दोन मिनिटांनंतर ती अकरा दिवस बंद पिशवीत होती, सोबतीला ओलं फडकं. मागची दोन चाकं काढायला घेतली तर नट सुटला, चाक निघालं, पण १२ मिमीचा हेक्स, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा, शाफ्टवरून हलेना. हेक्सच्या आत आडवी बारीक पिन असते, ती गंजून शाफ्टशी एकजीव झालेली. तेल सोडलं, तासभर थांबलो, पकडीने हलकेच हलवलं, परत तेल. शेवटी हेक्स निघाला आणि त्याच्या मागचं बेअरिंग अर्धंच हातात आलं. आतली कडी शाफ्टवर, बाहेरची तिच्या खाचेत, मधले छर्रे तांबड्या चिखलात. अ‍ॅक्सल उघडला तर ग्रीसचा रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. पाणी ग्रीसमध्ये मिसळलं की असंच होतं, आणि मग ते ग्रीस कुठल्याच कामाचं राहत नाही.

त्या गाडीला नवीन बेअरिंगांचा जो खर्च आला, त्याच्या तिप्पट मजुरी लागली. ग्राहकांना ते पटलं नाही, आम्हालाही ते बिल देताना बरं वाटलं नाही. त्यांनी त्या रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं दिली असती तर आमच्याकडे यावंच लागलं नसतं.

ती वीस मिनिटं कशी घालवायची, ते सांगतो. घरी आल्याआल्या पहिल्यांदा बॅटरी काढा. मग बॉडी काढून गाडी बाथरूममध्ये न्या आणि मगाने साधं पाणी ओता, जुन्या टूथब्रशने चिखल सोडवा. होय, ओली गाडी परत ओलीच करायची. ओढ्याच्या पाण्यातली बारीक माती तशीच वाळली तर बेअरिंगच्या तोंडाशी सिमेंटसारखी बसते. मात्र टू-व्हीलर धुणाऱ्या प्रेशर पंपापुढे गाडी धरू नका. तो जोर रबरी सीलच्या आत पाणी ढकलतो, म्हणजे ओढ्याने जे केलं नाही ते आपण पैसे देऊन करून घेतो. असे दोन महाभाग दरवर्षी येतात.

धुतल्यावर चारही चाकं काढा. हे बहुतेक जण टाळतात, आणि सगळं पाणी तिथेच, हेक्सच्या मागे दडलेलं असतं. शाफ्टचं टोक, हेक्स, पिन कोरड्या फडक्याने पुसा. टायर हातात धरून दाबा. रिमला किंवा टायरला हवेचं भोक असतं, आत फोम असतो आणि तो स्पंजसारखं पाणी पितो. "मोटर गेली, गाडी ओढत नाही" म्हणून आणलेल्या गाड्यांपैकी काहींच्या चाकांत नुसतं पाणी भरलेलं असतं. आम्ही टायर पिळून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

मग पंख्याखाली जुन्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. हेअर ड्रायर नको, प्लास्टिकचे भाग वाकतात. सकाळी प्रत्येक बेअरिंगला हलक्या तेलाचा एकेक थेंब द्या. आमच्याकडे सुईच्या तोंडाची छोटी बाटली मिळते, पण घरात शिलाई मशीनचं तेल असेल तर तेही चालेल, मुद्दाम आमच्याकडे यायची गरज नाही. ब्रशवाली मोटर असेल तर दोन्ही टोकांच्या बुशवर एकेक थेंब आणि मिनिटभर चाकं अधांतरी ठेवून हळू फिरवायची. निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे सगळीकडे मारून मोकळं होऊ नका. तो पाणी हटवतो हे खरं, पण ग्रीसही धुऊन नेतो आणि तेल पुन्हा दिलं नाही तर गाडी आठ दिवस छान वाटून नवव्या दिवशी आवाज करते.

पोर्टल अ‍ॅक्सलच्या गाड्यांना, म्हणजे ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ सारख्यांना, जरा जास्त जपा. त्यांच्या चाकापाशीच गिअरचा छोटा डबा असतो. त्यामुळे अ‍ॅक्सल जमिनीपासून उंच राहतो आणि दगडावर अडकत नाही, पण तो डबा मात्र पाण्यात सगळ्यात आधी बुडतो. दोन-तीन वेळा पाण्यातून गेल्यावर तो उघडून ग्रीस बघावं. रंग बदलला असेल तर बदलायचं.

रिसीव्हरच्या डब्याचंही एक सांगतो. नवा रिमोट जोडायला डबा उघडता, ठीक. परत बंद करताना तारा जिथून बाहेर येतात तिथला फोम नीट बसला का आणि तिथे सिलिकॉन ग्रीस लावलं का, हे बघा. एक तार कडेवर चिमटीत आली की तो डबा वॉटरप्रूफ राहत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

आमच्या पद्धतीबद्दल

चिखलाने भरलेली गाडी आणली तर आम्ही धुलाईचे वेगळे पैसे लावतो आणि गाडी दोन दिवसांनी देतो. यावर बरीच नाराजी असते. "फक्त सर्व्हो बदलायचाय, लगेच करा की." पण चिखलाच्या गाडीत सर्व्होचा स्क्रू फिरवला की ती माती आट्यांत जाते, आणि प्लास्टिकमधल्या आट्या एकदा गेल्या की गेल्या. शिवाय ओली गाडी आम्ही उघडतच नाही, आधी वाळवतो. धुऊन, वाळवून आणलेली गाडी बऱ्याचदा त्याच दिवशी मिळते. पैसे वाचवायचा इतका सोपा मार्ग आम्हीच सांगतोय, याची नोंद घ्यावी.

दुसरी गोष्ट, कृपया गाडी अर्धी उघडून आणू नका. यूट्यूब बघून गिअरबॉक्स सोडलेला, स्क्रू डब्यात एकत्र, "बाकी सगळं आहे त्यात". आठ मिमीच्या जागी बारा मिमीचा स्क्रू बसतो, बसताना काही वाटत नाही, आणि आतल्या गिअरला टेकून बसतो. मग आम्हाला प्रत्येक स्क्रू काढून मोजावा लागतो. स्वतः उघडायला आमची हरकत नाही, उलट शिकायलाच हवं. पण चांगल्या टोकाचे १.५, २ आणि २.५ मिमीचे हेक्स ड्रायव्हर घ्या. सायकलच्या किटमधली अ‍ॅलन की वापरून स्क्रूचं डोकं गोल केलेल्या गाड्या आमच्याकडे ढिगाने येतात. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूत धातू जातो तिथे, निळा, थेंबभर. प्लास्टिकमध्ये नको. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) बदललं तर ते स्पर गिअरला, म्हणजे ते ज्याला फिरवतं त्या मोठ्या गिअरला घट्ट चिकटवू नका. वहीच्या कागदाची पट्टी मध्ये धरा, मोटर दाबून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. कागदावर दातांच्या खुणा नीट उमटल्या आणि तो फाटला नाही, की झालं.

चालवतानाच्या काही तक्रारी

मोटर जळून येण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. चाक कपारीत अडकलेलं आणि बोट थ्रॉटलवर दाबलेलं. फिरता न येणारी मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. बोट सोडा, मागे घ्या, दुसऱ्या बाजूने चढवा. सर्व्होचंही तसंच, दगडाला टेकलेलं चाक जबरदस्तीने वळवत राहिलं की आतले दात जातात. गाडी जरा पुढे-मागे हलवून वळवली तर तोच सर्व्हो वर्षानुवर्षं टिकतो. सारखी उलटत असेल तर मोठी मोटर घेण्याआधी वजन खाली आणा. पुढच्या नकलला (चाक वळतं त्या सांध्याला) पितळी वजनं लावा, बॉडीवरचे जेरीकॅन उतरवा. पितळी वजनं आम्ही विकतो, हे ओघाने आलंच.

दिवाळीनंतर टेकडीवरचं गवत वाळलं की कुसळं आणि गवताच्या काड्या ड्राइव्हशाफ्टभोवती गुंडाळतात. संक्रांतीनंतर मांजा. नायलॉनचा मांजा अ‍ॅक्सलच्या तोंडाशी गुंडाळला तर बेअरिंगचं सील कापत आत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. चाक काढून एकदा नखाने चाचपून बघा.

बॅटरी लायपो (लिथियम पॉलिमर) असेल तर ईएससीवरचा छोटा जंपर (बॅटरीचा प्रकार ठरवणारी खुंटी) लायपोवर आहे का, ते आधी तपासा. तो एनआयएमएचवर, म्हणजे निकेल बॅटरीच्या जागी राहिला तर गाडी बॅटरी संपत आल्याचं ओळखत नाही, चालतच राहते, आणि सेल ३ व्होल्टच्या खाली जातात. ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास. फुगलेली बॅटरी चार्जला लावू नका आणि "बघा ना काही होतं का" म्हणून आमच्या काउंटरवर ठेवू नका. ती दुरुस्त होत नाही.

टेकडीवर जाणाऱ्यांसाठी एवढंच, सकाळी फिरायला येणाऱ्यांची वाट आधी. क्रॉलर चालण्याच्या वेगाने जाते, तेवढं थांबलं तर कुणाचं बिघडत नाही. उन्हाळ्यात टिटवी मोकळ्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते आणि ती शोधूनही दिसत नाहीत. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर गाडी आल्या वाटेने परत घ्या.

मे महिन्यात आम्ही पावसाळ्याआधीची सर्व्हिस करतो. सगळी बेअरिंगं काढून तपासणं, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली बसवणं, अ‍ॅक्सलमध्ये नवं ग्रीस, रिसीव्हरच्या डब्याचं सील. जूनमध्ये नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून आधी सांगून ठेवा. गाडी आणताना बॅटरी काढून, रिमोटसकट आणा. रिमोटशिवाय आलेली गाडी आम्ही ठेवून घेतो, पण काय बिघडलंय ते रिमोट आल्यावरच सांगतो. दुकान दुपारी एक ते चार उघडं असतं. शटर अर्धं खाली दिसलं तर वाकून आत या, आतमध्ये कुणाची तरी गाडी पंख्याखाली वाळत असेल, तिच्यावर पाय देऊ नका.